पुढाऱ्याच्या छातीवरचं युद्धपदक खरं की वशिल्याचं, हे कसं ओळखायचं?

प्रश्न मेहकर तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: पारावरच्या पोरांनी मोबाइलवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची गोष्ट पाहिली. खासदार असताना ते एकदाच लढाऊ मोहिमेच्या विमानात बसले आणि शौर्यपदक घेऊन घरी परतले. त्यावरून 'सारीच पदकं अशीच असतात राजेहो' असं बोलणं निघालं आणि विषय गावातल्या एका निवृत्त हवालदारावर गेला. ते पंचायत समितीला उभे राहणार आहेत आणि झेंडावंदनाला पदकं लावून येतात. समोरच्या बाजूचे म्हणतात, पदकं बाजारातून विकत आणली आहेत. विचारणाऱ्या भावाचा प्रश्न असा, की युद्धात पुढाऱ्याला पदक द्यावं का, आणि दिलेलं पदक खरं की खोटं हे कसं ओळखावं?

मी २८ वर्षं पायदळाच्या पलटणीत कारकुनी केली आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता गावी सोयाबीन आणि तूर करतो. आसपासच्या माजी सैनिकांची पेन्शनची कागदपत्रंही पाहतो. नोकरीत शौर्यपदकाच्या कितीतरी शिफारशी माझ्या हातून टाइप झाल्या. आम्ही तिला साइटेशन म्हणायचो. त्या टेबलावरून जे दिसलं त्यावरून उत्तर देतो.

आधी जॉन्सनची गोष्ट नीट सांगतो, कारण मोबाइलवर ती अर्धीच आली असणार.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. टेक्सासचे खासदार जॉन्सन तेव्हा नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कमांडर होते. ते लगेच सेवेत रुजू झाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना पॅसिफिकमध्ये पाहणीसाठी पाठवलं. ९ जून १९४२ रोजी न्यू गिनीतल्या लाए इथल्या जपानी तळावर बॉम्बहल्ला होता. जॉन्सन निरीक्षक म्हणून निघाले. आधी ते एका बी-२६ विमानात बसले होते, मग काही कामासाठी खाली उतरले. परत आले तेव्हा त्यांच्या जागी एक लेफ्टनंट कर्नल बसला होता, म्हणून ते दुसऱ्या विमानात गेले. पहिलं विमान पाडलं गेलं आणि त्यातला एकही माणूस वाचला नाही. जॉन्सनच्या विमानात बिघाड झाला आणि ते अर्ध्यातून परतलं. त्या विमानावर जपान्यांनी हल्ला केला, असं त्यातल्या काहींनी पुढे सांगितलं. मोहिमेच्या नोंदी तपासणारे इतर लोक म्हणतात, ते लक्ष्याजवळ पोचण्याआधीच वळलं होतं आणि त्याला शत्रू दिसलाही नाही.

काही दिवसांतच तिथल्या फौजांचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांच्याकडून जॉन्सनना सिल्व्हर स्टार मिळाला. अमेरिकेतलं ते तिसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक आहे. विमान चालवणाऱ्याला त्या उड्डाणासाठी काही मिळालं नाही. तोफेवर बसलेल्यांनाही नाही. पदकाची छोटी पिन जॉन्सननी कोटावर आयुष्यभर लावली, अगदी राष्ट्राध्यक्ष असतानासुद्धा.

आता माझं मत. जॉन्सन भित्रे नव्हते. त्या विमानात बसणं म्हणजे जीव हातावर घेणंच होतं, आणि शेजारचं विमान परतलं नाही हे तर समोरच आहे. पण त्यांच्या साइटेशनमध्ये त्यांनी केलं काय, याचा शोध घ्या. स्वतःहून निरीक्षक म्हणून गेले, विमान एकटं मागे फिरलं, शत्रूला सोपं लक्ष्य झालं, आणि त्यांनी शांतपणा दाखवला. एवढंच. साइटेशन वाचायची माझी पहिली रीत हीच आहे: क्रियापदं मोजायची. माणसानं काय उचललं, काय मोडलं, कुणाला ओढून आणलं, किती वेळ धरून ठेवलं? क्रियापदं नसली आणि 'शांतपणा', 'धैर्य', 'तेज' असे शब्दच भरलेले असले, तर लिहिणाऱ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं असं समजावं.

याच्या शेजारी आपल्या रामा राघोबा राणे यांचं परमवीर चक्र ठेवा. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूनं सुरुंग पेरले होते आणि झाडं पाडून वाट अडवली होती. राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलाचे अधिकारी. पहिल्याच दिवशी ते जखमी झाले, तरी दवाखान्यात गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत गेले, सुरुंग काढले, अडथळे उडवले, आणि दिवसामागून दिवस हेच करत फौजेला वाट करून दिली. इथं एक विशेषण लिहायची गरज पडत नाही.

दुसरी रीत: त्याच दिवशी, त्याच जागी, शेजारच्या माणसाला काय मिळालं? वशिला इथं लगेच उघडा पडतो. धोका सगळ्यांना सारखा, काम इतरांचं जास्त, आणि पदक एकट्या खासदाराला, तर ते पदक खासदारकीला मिळालं. मॅकआर्थरना त्या वेळी विमानं, माणसं, रसद हवी होती आणि जॉन्सन परत जाऊन थेट रूझवेल्टना सांगणार होते. या हिशेबाकडे डोळेझाक करून ते पदक समजून घेता येत नाही.

पदक जन्माला कसं येतं, हे पारावर कुणाला माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. चकमक संपली की कंपनी कमांडर सीओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांना सांगतो, अमुक जवानानं अमुक केलं. हेडक्लार्क कच्चा मजकूर बांधतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी घ्याव्या लागतात. मग तो कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असा चढत सेना मुख्यालयात आणि तिथून संरक्षण मंत्रालयात जातो. प्रत्येक पायरीवर तो थांबू शकतो किंवा त्याची पायरी उतरू शकते. वीर चक्राची शिफारस सेना मेडलवर येते हे मी अनेकदा पाहिलं आहे. शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी मिळते आणि नाव भारताच्या राजपत्रात छापलं जातं. बहुतेक नावं २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात.

या सगळ्या वाटेचा पाया एकच: कुणीतरी पाहिलं पाहिजे, आणि पाहणाऱ्याचं म्हणणं कुणीतरी लिहून घेतलं पाहिजे.

एक प्रसंग मी आजवर कुणाला लिहून सांगितला नव्हता. काश्मीरमध्ये आमच्या पलटणीची रात्रीची चकमक झाली. आपल्याच विदर्भातला एक शिपाई, कापसाच्या शेतकऱ्याचा मुलगा, जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन अंधारात नाल्यातून खाली उतरला. चार तास लागले. वर अधिकारी दुसऱ्या टोकाला होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. पाहणारा एकच होता, जो पाठीवर होता तो, आणि तो दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारला. साइटेशन टाइप करायला बसलो तेव्हा माझ्यासमोर तीन नावं आली. त्या शिपायाचं नव्हतं. मी विचारलं, तर उत्तर मिळालं की साक्ष कुठे आहे? नियमानं ते बरोबर होतं. पण रेजिमेंटल एड पोस्टच्या, म्हणजे पलटणीच्या प्रथमोपचार ठाण्याच्या, नर्सिंग असिस्टंटनं जखमी कुणी आणला, किती वाजता आणला हे वहीत लिहिलं असणार होतं. ती वही मागवायचं मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं तेव्हा कागद पुढे गेला होता. काही वर्षांनी तो शिपाई मला एका लग्नात भेटला. त्यानं एकच विचारलं, 'साहेब, माह्या नावाचं काई लिवलं होतं का तवा?' मी त्याला खरं सांगितलं. तो हाव म्हणाला आणि जेवायला बसला.

म्हणून जॉन्सनची गोष्ट निघाली की मला जॉन्सनपेक्षा त्या विमानातली बाकीची माणसं आठवतात. त्यांच्या नावाचं लिहायला कुणी बसलंच नाही.

पण पोरांनी यावरून 'सारीच पदकं अशी' म्हणणं मला अजिबात मान्य नाही. उलट्या बाजूचं उदाहरणही अमेरिकेचंच घ्या. जॉन केरी व्हिएतनाममध्ये नदीत गस्त घालणाऱ्या छोट्या नौकेवर अधिकारी होते. २८ फेब्रुवारी १९६९ रोजी काठावरून गोळीबार झाला, तेव्हा त्यांनी नौका सरळ काठावर चढवली, उतरून रॉकेट लाँचरवाल्याचा पाठलाग केला आणि त्याला मारलं. त्याचा सिल्व्हर स्टार. १३ मार्चला पाण्यात पडलेल्या एका सैनिकाला गोळीबारात ओढून वर घेतलं. त्याचा ब्राँझ स्टार. शिवाय जखमींना मिळणारी तीन पर्पल हार्ट. २००४ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा व्हिएतनामच्या माजी सैनिकांच्या एका गटानं टीव्हीवर जाहिराती दिल्या की ही पदकं खोटेपणानं मिळवली.

आता मघाच्या दोन्ही रीती लावून पाहा. क्रियापदं भरपूर आहेत. ज्याला पाण्यातून काढलं तो जिवंत होता. तो स्वतः पुढे आला आणि सांगितलं, यानंच मला वाचवलं. तो केरींच्या विरोधी पक्षाचा नोंदणीकृत मतदार होता, हेही लक्षात घ्या. केरींच्या स्वतःच्या नौकेवरचे साथीदार एक वगळता त्यांच्या बाजूनं उभे राहिले. आरोप करणाऱ्यांपैकी एकानं म्हटलं, १३ मार्चला शत्रूचा गोळीबार झालाच नव्हता. पण त्याच दिवसाच्या त्याच घटनेसाठी त्यालाही ब्राँझ स्टार मिळाला होता आणि त्याच्या कागदात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख होता. नौदलाच्या महानिरीक्षकांनी सप्टेंबर २००४ मध्ये सांगितलं की पदकं योग्य रीतीनं मंजूर झाली होती.

तरीही केरींना फटका बसला. मुळात राग कशाचा होता? १९७१ मध्ये त्यांनी संसदेच्या समितीपुढे युद्धाविरुद्ध साक्ष दिली आणि मग संसदेच्या पायऱ्यांवर आपल्या रिबिनी फेकल्या. पुष्कळ सैनिकांना ते फार लागलं होतं, आणि ते लागणं मला समजतं. पण राग १९७१ च्या बोलण्याचा आणि वार १९६९ च्या कामावर, हे चुकीचं आहे. तुमच्या गावातही राग उमेदवारीचा आहे आणि वार छातीवर होतोय का, हे आधी तपासा.

साफ खोटेपणाचीही उदाहरणं आहेत. फिलिपिन्सचे फर्डिनंड मार्कोस आयुष्यभर सांगत राहिले की जपान्यांविरुद्ध मी गनिमी फौज उभी केली आणि कित्येक पदकं मिळवली. जानेवारी १९८६ मध्ये, तिथली निवडणूक तोंडावर असताना, अमेरिकी सैन्याच्या जुन्या फाइली उघड झाल्या. त्या फौजेचा दावा युद्धानंतर लगेचच बनावट म्हणून फेटाळला गेला होता. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह युद्धात राजकीय अधिकारी होते, मोठ्या सैन्याचं नेतृत्व त्यांनी कधी केलं नव्हतं. सत्तेत असताना १९७८ मध्ये त्यांनी 'ऑर्डर ऑफ व्हिक्टरी' घेतलं. ज्याच्या मोहिमेनं आघाडीची स्थितीच पालटली अशा सेनापतीचं ते पदक. त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ मध्ये ते काढून घेतलं गेलं. अमेरिकेचे सिनेटर मॅकार्थी यांनी युद्ध संपल्यावर सात वर्षांनी, १९५२ मध्ये, ३२ उड्डाणं केल्याचं सांगून पदक मिळवलं. तेवढी उड्डाणं त्यांनी केलीच नव्हती. या तिघांत एक गोष्ट समान आहे: कागद घटनेच्या वेळचा नाही, नंतरचा आहे. कागदाची तारीख आणि घटनेची तारीख यांत किती अंतर आहे, ही तपासायची तिसरी गोष्ट. उशीर झाला म्हणजे खोटंच असं नाही, पण उशिराचं कारण कागदावर दिसलं पाहिजे.

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचं उदाहरण मला सगळ्यांत स्वच्छ वाटतं. ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेनं त्यांची टॉर्पेडो बोट कापली. दोघे मेले, अकरा वाचले. केनेडी एका जखमीच्या जाकिटाचा पट्टा दातात धरून तासन्‌तास पोहले. त्यांना पदक मिळालं ते जीव वाचवल्याचं, लढाईतल्या शौर्याचं नाही. तेव्हा ते पुढारी नव्हते, पण बाप फार मोठा होता. तरी कामाला साजेसंच पदक दिलं गेलं.

मग पुढाऱ्याला पदक द्यावं का? तो गणवेशात असेल, आदेशाखाली असेल आणि इतरांसारखाच मोजला गेला असेल, तर जरूर द्यावं. आपल्याकडे अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र ही पदकं नागरिकांनाही मिळतात, म्हणून पद किंवा पेशा आड येत नाही. पण युद्ध चालू असताना सत्तेतला माणूस आघाडीवर पाहुणा म्हणून गेला, तर त्यानं पदक नाकारावं असं माझं ठाम मत आहे. जॉन्सननी पदक नाकारणारं पत्र तयार केलं होतं, पण ते पाठवलं नाही, अशी नोंद आहे. ते पत्र गेलं असतं तर आज पारावर त्यांचं नाव वेगळ्या कारणानं निघालं असतं.

आपलं सगळं चोख आहे असंही मी म्हणणार नाही. २००३ मध्ये आसामात एका कर्नलनं साध्या नागरिकांवर टोमॅटो केचप ओतून, त्यांना मेलेले अतिरेकी म्हणून दाखवून फोटो काढले, शौर्यपदकासाठी. लष्करी न्यायालयानं त्याला बडतर्फीची शिक्षा दिली. कारगिलच्या एका लढाईचा अहवाल एका ब्रिगेडियरवर अन्याय होईल असा बदलला गेला होता. ते २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणानं मान्य केलं आणि नोंद दुरुस्त करायला सांगितलं. दोन्ही गोष्टींचा निकाल चौकशीत लागला, पारावरच्या आवाजात नाही.

आता तुमच्या हवालदारांकडे येतो.

गावात सगळ्यात मोठा घोटाळा हा होतो, की छातीवरची प्रत्येक पट्टी शौर्याची समजली जाते. नऊ वर्षं, वीस वर्षं, तीस वर्षं सेवेची पदकं वेगळी. सियाचीनचं वेगळं, उंच प्रदेशाचं वेगळं, परदेश सेवेचं वेगळं. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं पदक तर त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. एखाद्याच्या छातीवर आठ रिबिनी असून त्यात शौर्याची एकही नसू शकते, आणि तरी तो माणूस खोटा नसतो. त्यानं 'ही शौर्यपदकं' असं म्हटलं असेल, तरच प्रश्न.

शौर्याच्या रिबिनी ओळखायला सोप्या आहेत. परमवीर चक्राची पूर्ण जांभळी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोक चक्राची हिरवी, मध्ये एक केशरी रेघ. कीर्ती चक्राला तशाच दोन रेघा, शौर्य चक्राला तीन. सेना मेडलची लाल, मध्ये पांढरा पट्टा. इथं मात्र जपून: सेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि उत्तम सेवेसाठीही. रिबिन एकच असते, म्हणून कागद पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

'बाजारातून आणली' यात तथ्य असलं तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. सरकारकडून मूळ पदक हातात पडायला कधी कधी वर्षं जातात. छावणीच्या बाजारात, कामठीला किंवा कुठेही, शिंपी पदकं पट्टीवर लावून देतात. मिळण्याचा हक्क आहे पण पदक आलंच नाही, म्हणून जवान नक्कल लावतात. मूळ पदकाच्या कडेवर मात्र नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं.

खरं उत्तर त्यांच्या पेटीत आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकमध्ये पदकांची नोंद असते. त्यामागे पलटणीची पार्ट-टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदींचा लेखी आदेश, असते. शौर्यपदक असेल तर पेन्शनसोबत दरमहा वेगळा भत्ता येतो. २०१७ मध्ये तो दुप्पट झाला: वीर चक्राला ७,००० रुपये, शौर्य चक्राला ६,०००, शौर्याच्या सेना मेडलला २,०००. राजपत्रातलं नाव कुणालाही पाहता येतं. एवढं जुळलं की वाद संपला. आणि जो सैन्यात कधी नव्हताच, पण लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून गणवेश किंवा खुणा वापरतो, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रचाराबद्दल एक सांगून ठेवतो. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना कळवलं आहे की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका. ते राज्य निवडणूक आयोगाच्या पंचायत समितीच्या निवडणुकीसाठी लिहिलेलं नाही, पण त्यातलं कारण गावालाही लागू आहे. हवालदारांनी झेंडावंदनाला पदकं लावावीत, तो त्यांचा मान आहे. फ्लेक्सवर लावू नयेत, असं मी त्यांना समोर बसून सांगेन.

त्यांच्याकडे जाल तेव्हा आरोप करणाऱ्यांपैकी एकाला सोबत न्या, म्हणजे पाहिलेलं दोघांनी पाहिलेलं राहील. पाया पडून बसा, डिस्चार्ज बुक दाखवाल का म्हणून विचारा. शौर्याची नोंद निघाली तर साइटेशनची प्रत वाचायला मागा. त्यात बहुतेक वेळा सोबतच्या जवानांचा उल्लेख असतो, कधी नावानं, कधी नुसता 'साथीदार' म्हणून. ते साथीदार कोण होते, कोणत्या गावचे, त्यांना काय मिळालं, हे हवालदारांना विचारा आणि लिहून घ्या. त्यातलं कुणी आपल्या जिल्ह्यातलं असेल आणि त्याच्या नावाचा कागद कुठेच नसेल, तर ते मला कळवा. एड पोस्टची वही कशी मागवायची, हे आता मला माहीत आहे.